ट्रेलरवरची शिडाची नाव

इंदिरानगरमध्ये, शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली एक शिडाची नाव उभी आहे. पाणी बघायचे तर तिथून सर्वांत जवळचा हलसूर तलाव, आणि समुद्र बघायचा तर सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. त्यातही आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर. त्यामुळे येणारे-जाणारे थांबून विचारतात, "इथे नाव कशाला?" उत्तर ताडपत्रीखालीच आहे. नावेच्या पोटाखाली दोन चाकांचा ट्रेलर आहे. ही नाव पाण्याकडे रस्त्याने जाते.

आपल्या सेलिंग क्लबातले अकरावीचे दोन कॅडेट गेल्या सत्रात माझ्याबरोबर ती पाहायला आले. आत शिरले, बर्थवर आडवे पडून पाहिले, आणि बाहेर येऊन पहिलाच प्रश्न, "सर, सुट्टीत ही घेऊन गोव्याहून कारवारला जाऊ या का?" मालक हसून हो म्हणाले. मी लगेच हो म्हणालो नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, नाव उलटली तर आपणहून सरळ होते का?" प्रश्न इतका नेमका होता की फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी नावेची रचना मुळातून समजून घ्यावी लागते.

नौदल विभागाच्या एनसीसी कॅडेटांना २७ फुटी डीके व्हेलर माहीत असते. 'डीके' म्हणजे ड्रॉप कील, खाली सोडता आणि वर घेता येणारी कील. दोन्ही टोके निमुळती, पाच वल्ही, शीडही लावता येते. आजही एनसीसीच्या शीडमोहिमा याच जातीच्या नावांतून निघतात. पण व्हेलर उघडी असते. रात्र झाली की किनाऱ्यावर तंबू ठोकायचा. तिला वल्हवायला पथक लागते, आणि पथक हीच तिची खरी ताकद.

दुसऱ्या टोकाला मोठ्या नौका आहेत. सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरची 'तृष्णा' ही ३७ फुटी नौका २८ सप्टेंबर १९८५ ला मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १० जानेवारी १९८७ ला परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली प्रदक्षिणा. आपल्या हलसूर तलावाला लागूनच मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे, त्यामुळे हे नाव इथल्या मुलांना परके नाही. पुढे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई ५६ फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. अशा नौकांची कील कायमची खाली असते, वजन टनांत मोजतात, आणि त्यांना बंदर किंवा नदीचे खोल पात्र लागते. त्या कोणाच्या अंगणात येत नाहीत.

आपली नाव या दोन्हींच्या मधली. झोपता येईल इतकी मोठी, पण गाडीमागे ओढता येईल इतकी लहान. तिच्यातली प्रत्येक गोष्ट या दोन अटींच्या भांडणातून ठरलेली आहे, आणि भांडणात कोण हरले हे पाहिले की नाव समजते.

पहिली अट रस्त्याची. अमेरिकेत खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांपेक्षा रुंद वाहन रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून तिथल्या ट्रेलरवरच्या नावा आठ-साडेआठ फुटांवर अडतात. १९६९ पासून हजारोंनी बनलेली कॅटलिना २२ ही त्यातली प्रसिद्ध नाव, तिची रुंदी पावणेआठ फुटांच्या आत आहे. इंदिरानगरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात तेव्हा कायद्यापेक्षा गल्लीच जास्त कडक असते. आमची नाव २० फूट लांब आणि साडेसात फूट रुंद आहे, मरीन प्लायची, वरून इपॉक्सी आणि काचतंतू. रिकामे वजन सुमारे ९०० किलो, त्यातले २५० किलो एकट्या लोखंडी कीलचे. पाण्यातल्या भागाची लांबी १८ फूट.

ही शेवटची संख्या लक्षात ठेवा. पाणी कापत जाणारी नाव स्वतःच एक लाट उभी करते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. म्हणून तिचा कमाल वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येते. १८ चे वर्गमूळ ४.२४, म्हणजे ५.७ नॉट, ताशी साडेदहा किलोमीटर. हा कमाल वेग झाला. दिवसभराची सरासरी साडेतीन नॉट मिळाली तरी मी खूश असतो. सायकलवर शाळेत येणारा मुलगा याहून वेगाने येतो.

आता गोवा-कारवारचा नकाशा काढा. आग्वादच्या टोकापासून कारवार सुमारे ४५ सागरी मैल. साडेतीन नॉटने तेरा तास. एका दिवसाच्या उजेडात हे जेमतेम बसत नाही. शिवाय दिशा महत्त्वाची. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्यावर कोळी बाहेर पडतात. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, आणि आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यापूर्वीच्या महिन्यांत तो बहुधा वायव्येचा असतो. गोव्याहून कारवारला जाताना तो पाठीमागून मिळतो. कारवारहून गोव्याला निघालात तर तोच वारा तोंडावर, आणि शिडाची नाव वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. नागमोडी जावे लागते. ४५ मैलांचे साधारण ६४ होतात, तेरा तासांचे अठरा. म्हणून कॅडेटांनी निवडलेली दिशा बरोबर होती. त्यांनी ती विचार करून निवडली होती की गोव्यात आधी मजा करायची म्हणून, हे मी विचारले नाही.

मध्ये मुक्काम हवा. साळ नदीचे मुख, बेतूल, जवळपास अर्ध्या वाटेवर आहे. इथे नावेचा खरा गुण कामाला येतो, तो म्हणजे उथळ बूड. कील खाली असताना आमच्या नावेला दीड मीटर पाणी लागते. कील वर घेतली की अर्धा मीटर पुरतो, म्हणजे गुडघाभर पाण्यात ती तरंगते. खाडीत शिरते, वाळूला टेकते, ओहोटीला सरळ बसते.

उथळ बुडाचे महत्त्व आपल्या इतिहासाला नवे नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने जहाजे आणून बेट अडवायचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जास्त. पण वल्ह्यांवर आणि शिडांवर चालणाऱ्या मराठ्यांच्या लहान होड्या रात्री किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. जहाजाची ताकद ठरवताना ते किती कमी पाण्यात जाऊ शकते हेही मोजायचे असते, हे त्या काळच्या कोकणातल्या सुतारांना पक्के माहीत होते.

मात्र नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. मोठ्या लाटा तिथे फुटतात. उथळ बुडाची नाव पाण्याच्या खोलीमुळे अडत नाही, पण फुटणाऱ्या लाटेत ती मोठ्या नौकेइतकीच असहाय असते, किंबहुना जास्त. तिथे स्थानिक मच्छीमाराला विचारूनच आत जायचे, तेही भरतीला.

आता मुख्य प्रश्न. नाव उलटते कशाने आणि सावरते कशाने?

उलटवतो वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १.६ किलो, २० नॉटचा ६.५ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट. आमच्या नावेची दोन शिडे मिळून १८ चौरस मीटर आहेत. १० नॉटला त्यांच्यावर २९ किलोचा रेटा येतो, २० नॉटला ११७ किलोचा. हा रेटा पाण्याखालच्या कीलच्या मध्यापासून साधारण साडेतीन मीटर उंचीवर लागतो. बळ गुणिले अंतर म्हणजे टॉर्क, मराठीत बल-आघूर्ण. पहिल्या वाऱ्यात ते सुमारे १०० किलो-मीटर येते, दुसऱ्यात ४१०.

सावरणाऱ्या गोष्टी दोन धरू, माणसे आणि कील. १३० किलो वजनाची दोन माणसे नावेच्या मध्यरेषेपासून एक मीटर बाहेर, वाऱ्याच्या बाजूला बसली आहेत. नाव २० अंश कलली आहे. माणसांचा टॉर्क १३० गुणिले कोसाइन २०, म्हणजे १२२. कीलचे वजन २५० किलो, तिचा गुरुत्वमध्य तरंगण्याच्या मध्यापासून ०.८ मीटर खाली. तिचा टॉर्क २५० गुणिले ०.८ गुणिले साइन २०, म्हणजे अवघा ६८. एकूण १९०.

हे आकडे पहिल्यांदा फळ्यावर मांडले तेव्हा क्लबातली मुले गोंधळली. एवढी लोखंडी कील, आणि तिच्यापेक्षा दोन माणसांचे काम जास्त? हो, कलणे कमी असेल तोवर तसेच असते. पण आता कल वाढवा. ६० अंशांवर माणसांचे १२२ घटून ६५ होतात, कीलचे ६८ वाढून १७३. ९० अंशांवर, म्हणजे डोलकाठी पाण्यावर आडवी झाली की, माणसे शून्य, कील पूर्ण २००. माणसे सोबती आहेत, पण वेळ बिकट होते तसतशी ती हात सोडतात. कील मात्र तेव्हाच जोर धरते. या हिशोबात नावेच्या रुंदीमुळे मिळणारा आधार धरलेला नाही, आणि शिडाचा आकारही सपाट फळीसारखा मानला आहे. तेव्हा आकडे ढोबळ समजा, पण त्यांचा कल खरा आहे.

यातूनच शीड आखडण्याचा नियम निघतो. १० नॉटला १०० विरुद्ध १९०, निवांत. २० नॉटला ४१० विरुद्ध १९०, नाव आडवी. म्हणून वारा वाढला की शीड खाली ओढून बांधायचे, इंग्रजीत याला रीफ घेणे म्हणतात. पुढचे शीड उतरवून आणि मोठे शीड आखडून १० चौरस मीटर ठेवले तर रेटा ६५ किलो, आणि शीड खाली आल्यामुळे उंचीही २.८ मीटर. गुणाकार १८२. पुन्हा १९० च्या आत. केव्हा आखडायचे? "आखडावे का?" असा विचार पहिल्यांदा मनात येतो त्या क्षणी. त्यानंतर दोन हातांनी होणारे काम चार हातांनीही होत नाही.

कीलचे आणखी प्रकार आहेत. आमची बिजागरीवर फिरणारी आहे, विंचने वर-खाली होते. काही नावांत ती सुरीसारखी सरळ खाली सरकते. त्या प्रकारात यंत्र सोपे, पण खडकाला आदळली तर ती मागे फिरून वाचत नाही, कप्पाच फुटतो. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या काही नावांना दोन बुटक्या कील असतात, ओहोटीला दोन पायांवर उभ्या राहतात. वाऱ्यावर मात्र त्या जरा सुस्त. आणि एक प्रकार पाण्याच्या टाकीचा. अमेरिकेतल्या मॅकग्रेगर २६ या नावेत तळाशी पाचशे किलोहून अधिक पाणी भरतात आणि ट्रेलरवर घेताना सोडून देतात. वजन ओढावे लागत नाही, कल्पना झकास आहे. पाण्यात पाण्याचे वजन ते काय, असे कोणीही विचारेल. खरे आहे, टाकी पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंत ती जवळजवळ काहीच करत नाही. नाव कलली आणि टाकीची एक बाजू पातळीच्या वर उचलली गेली की तिचे वजन लागू होते. पण टाकी अर्धवट भरलेली असेल तर पाणी खालच्या बाजूला धावते आणि उलटवायला मदत करते. घरी परातीत थोडे पाणी घेऊन परात दोन हातांवर धरून चाला, म्हणजे कळेल. मला स्वतःला लोखंड आवडते. ते भरायला विसरता येत नाही.

पण लोखंडी कीललाही विसरता येण्याजोगी एक गोष्ट असते, तिची खिट्टी. बिजागरीची कील खाली सोडल्यावर खिट्टी घालून अडकवावी लागते. नाही घातली, आणि नाव ९० अंशांच्या पलीकडे गेली, तर कील आपल्याच वजनाने परत कप्प्यात कोसळते. ज्या क्षणी तिची गरज, त्याच क्षणी ती गैरहजर. ही खिट्टी मी एकदा विसरलो आहे. शांत पाणी होते, काही झाले नाही, आणि काही झाले नाही म्हणूनच ती चूक मला संध्याकाळी नाव बाहेर काढताना कळली. त्या दिवशी माझ्याबरोबर कोणाचा मुलगा नव्हता, एवढेच समाधान.

केबिनबद्दल मुलांना सर्वांत जास्त उत्सुकता असते आणि मला सर्वांत कमी. रेल्वेतला साइड अप्पर बर्थ आठवा, त्याचे चार भाग करून एका लाकडी पेटीत बसवा, म्हणजे आमची केबिन. बसता येते, उभे राहता येत नाही. काही नावांत छपराचा तुकडा वर उचलता येतो, पण तेवढे जास्तीचे वजन उंचावर जाते आणि नावेत उंचावरचे प्रत्येक किलो तुमच्या विरुद्ध मतदान करते. या रचना थंड देशांत जन्मल्या, त्यामुळे खिडक्या लहान आणि हवा कमी. कोकणात एप्रिलमध्ये आत झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे. बूमवर ताडपत्री टाकून कॉकपिटमध्ये झोपणे हाच उपाय. केबिनचा खरा उपयोग वेगळा आहे. ती बंद केली तर हवेने भरलेली पेटी आहे. दाराच्या फळ्या लावलेल्या असतील तर नाव आडवी झाली तरी पाणी आत शिरत नाही. पाणी आत शिरले, तर वरचा सगळा हिशोब फुकट.

म्हणून फोम. बर्थखाली आणि नाळेत बंद पेशींचा फोम भरतात, म्हणजे भोक पडले तरी नाव तळाला जात नाही. लाकूड स्वतः तरंगते, त्याची चिंता नाही, पण लोखंडी कील ओढणार. २५० किलो लोखंड स्वतःच्या आकारमानाएवढे पाणी, साधारण ३५ लिटर, बाजूला सारते. म्हणजे पाण्यात त्याचे वजन उरते २१५ किलो. निव्वळ कीलसाठीच २१५ लिटरहून थोडा अधिक फोम हवा. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर वेगळे. आमच्या नावेत मोजून १५० लिटर भरला. इथे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

डोलकाठी साडेसात मीटरची, अॅल्युमिनियमची, बुडाशी बिजागरी. दोन माणसे वीस मिनिटांत उभी करतात. आणि या सगळ्या नावेतली सर्वांत धोक्याची वीस मिनिटे तीच, तीही कोरड्या जमिनीवर. दोर तपासायचे म्हणून आम्ही एकदा गल्लीतच काठी उचलायला सुरुवात केली. अर्ध्यावर आली असताना समोरच्या घराचे वॉचमन ओरडत धावत आले. वर गुलमोहराच्या फांद्यांत विजेची तार होती, काठीच्या टोकापासून दीड हातावर. आमच्यापैकी कोणीही वर पाहिले नव्हते, सगळ्यांचे डोळे बुडाच्या बिजागरीवर. अॅल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे, आणि काठी उचलणाऱ्याचे दोन्ही हात तिच्यावर असतात. तेव्हापासून नियम असा की एक कॅडेट काहीही काम न करता फक्त वर बघायला उभा राहतो. त्याने "वर मोकळे" म्हटल्याशिवाय काठी हलत नाही. जलाशयाच्या काठी, उताराजवळही तारा असतात, आणि काठी उभी करून ट्रेलर हलवणे तर कधीच नाही.

ट्रेलरचे थोडक्यात. त्याची वेगळी नोंदणी लागते. वजन असे बसवायचे की साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर यावा, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलतो. घाटात गाडीच्या ब्रेकवर विसंबू नये, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. आणि पोहोचल्या पोहोचल्या नाव पाण्यात सोडण्याची घाई करू नये. लांबच्या रस्त्याने चाकांची बेअरिंग तापलेली असतात. तापलेले हब गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. खारे पाणी असेल तर परतीच्या वाटेवर चाक जाम. अर्धा तास थांबा, डबा खा, मग उतरवा.

लहान नावांनी मोठे प्रवास केले आहेत, हे मुले मला नेहमी सांगतात. इंग्लंडचे फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये सोळा फुटी उघडी वेफेअरर स्कॉटलंडहून आइसलँडला नेली आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. दुसऱ्या प्रवासात वादळात नाव पुन्हा पुन्हा उलटली, डोलकाठी मोडली, तरी ते पोहोचले. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण डाय यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे त्याच नावेत सराव केला होता, आणि जोखीम स्वतःच्या आयुष्याची घेतली होती. माझ्यावर दुसऱ्यांच्या मुलांची आहे.

तर, वडिलांचा प्रश्न. ९० अंशांवर कील सरळ करणार, २०० किलो-मीटर. विरुद्ध बाजूला आडवी झालेली डोलकाठी, बूम आणि ओली शिडे, मिळून ४० किलो, सरासरी साडेतीन मीटर अंतरावर, म्हणजे १४०. शिल्लक ६० आपल्या बाजूने. कागदावर नाव सरळ होते. कील वर घेतलेली असेल तर तिचा हात ०.८ ऐवजी ०.३ मीटर, टॉर्क ७५, विरुद्ध १४०. कागदावर नाव सरळ होत नाही.

कागदावर थांबायचे नाही असे आम्ही ठरवले. परवानगी काढून एका जलाशयावर गेलो. शेजारी सुरक्षेची मोटरबोट, सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट, नावेत कोणीही नाही, केबिनच्या फळ्या लावलेल्या. डोलकाठीच्या टोकाकडून येणारा हॅलियार्ड दोर मोटरबोटीत घेतला, मध्ये एक स्प्रिंगचा काटा अडकवला, आणि हळूहळू ओढून नाव आडवी केली. हिशोबाप्रमाणे शिल्लक ६० भागिले साडेसात मीटर, म्हणजे काठीच्या टोकाशी ८ किलोचा ओढा दिसायला हवा. काटा ११ वर थांबला. नावेच्या कडांच्या तरंगण्याने थोडी जास्त मदत केली असावी. दोर सोडला, नाव एक दीर्घ श्वास घेतल्यासारखी थांबली आणि उठली. शिडांतून पाणी गळत होते. काठावर दोन्ही कॅडेट नाचले.

मग कील वर घेऊन तेच केले. काठी पाण्याला टेकली, काटा शून्यावर आला, दोर सैल सोडला. नाव तशीच पडून राहिली. कोणी काही बोलले नाही. तिला उठवायला मोटरबोटीने दुसऱ्या बाजूने ओढावे लागले.

आत पाहिले तर पहिल्या वेळी केबिनमध्ये दोन बादल्या पाणी आले होते, दुसऱ्या वेळी सात. दाराच्या फळ्यांची खालची फट. समुद्रावर, अंधारात, माणसांसकट, सात बादल्यांच्या सत्तर व्हायला किती वेळ लागेल हा हिशोब मी मुलांना घरी करायला दिला.

त्या संध्याकाळी मी त्या वडिलांना फोन केला. सांगितले की कील खाली असेल, खिट्टी घातलेली असेल आणि दार बंद असेल तर नाव सरळ होते, आम्ही करून पाहिले. यातली एक गोष्ट नसेल तर होईलच असे नाही. दाराच्या फळ्या नव्या होईपर्यंत आणि फोम पुरा होईपर्यंत तिला समुद्र दाखवणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फळ्या मी करून देऊ का? माझे सुतारकाम बरे आहे."

फळ्या आता त्यांच्या घरी आहेत, माप घेऊन झाले आहे. फोमचे शंभर लिटर कुठे बसवायचे यावर दोन्ही कॅडेटांचे एकमत होत नाही. एक म्हणतो बर्थखाली, दुसरा म्हणतो कॉकपिटच्या आसनांखाली, कारण नाव पाण्याने भरली तर ती कोणत्या कोनात तरंगणार हे त्यावर ठरते. दुसऱ्याचे बरोबर आहे, पण मी अजून त्यांना सांगितलेले नाही.